किसनकाकांचा सामाईक डबा

स्वतःच्या लग्नाचे फोटो बघायला अर्ज करावा लागलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर माझ्याकडे बघा. साधा कागद, निळी शाई, प्रति किसनकाका, मुक्काम कुरुंदा, तालुका वसमत. रकाने पाच: नाव, नातं, कोणते फोटो, किती वेळ बघणार आणि कारण. कारणाच्या रकान्यात मी 'सहज' असं लिहिलं. चार दिवसांनी अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत शेरा: 'सहज हे कारण नाही. योग्य कारण नमूद करून पुन्हा सादर करावे.'

मी हिंगोलीला एका शाळेत कारकून आहे. पंचवीस वर्षं मी लोकांचे अर्ज असेच परत करत आलोय, अगदी ह्याच शब्दांत. त्यामुळे तो शेरा वाचून माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला, त्यात थोडी ओळखीची चवही होती. कागद बायकोपुढे आपटला. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिवा की, चूक नेमकी कुठं झाली ते बघायचं हाय म्हणून."

मी रागारागात तेच लिहून पाठवलं. ते कारण दुसऱ्या दिवशी मंजूर झालं.

किसनकाका माझे चुलते. माझे वडील थोरले, ते आता नाहीत. त्यांच्या पाठचे किसनकाका आणि शेंडेफळ नामदेवकाका. दोघांची घरं कुरुंद्यात एकमेकांना लागून आहेत, मधली भिंत एकच. किसनकाका पाटबंधारे खात्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण स्टोअर काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. "नेलं कोणी, आणलं कधी?" हे वाक्य त्यांच्या तोंडी असं बसलंय, की काकूंनी शेजारी विरजणापुरतं दही दिलं तरी माजघरातून आवाज येतो, "वाटी कोणती गेली?"

"जर्मनची," काकू म्हणतात.

"पोचा पडलेली का बिनपोच्याची?"

अशा माणसाकडे भावकीची भांडी असणार हे उघड आहे. आमच्याकडे लग्नाकार्याची भांडी भाड्यानं आणायची पद्धत अलीकडची. पूर्वी सगळ्या भावकीनं मिळून एकदाच घेतली: दोन कढया, आठ पातेली, पराती, झारे, चाटू. प्रत्येकावर भावकीचं नाव कोरलेलं. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं न्यायची. ती सगळी किसनकाकांच्या खोलीत कुलपात असतात आणि नियम तीन आहेत. सांगून न्यायचं, घासून आणायचं, बूड दाखवायचं. भांडं परत आलं की काका ते अंगणात उन्हात पालथं घालतात, बोटाच्या पेरानं टकटक करतात, मग वहीत सही.

माझ्या मुलीच्या बारशाला मी एक पातेलं नेलं होतं. शिरा खाली लागला. विटकरीच्या चुऱ्यानं घासघास घासलं आणि काकांना कमी दिसेल म्हणून मुद्दाम दिवेलागणीला परत केलं. काकांनी ते रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळच्या उन्हाची वाट पाहिली.

"सुधाकर, बुडाला काय झालं रे?"

"थोडं लागलं काका."

"थोडं? लेका, ह्यात तर तुझं तोंड बी दिसून न्हाई राहिलं."

ती मुलगी आता इंजिनिअर झाली. ते पातेलं मात्र अजून काकांच्या बैठकीत खुंटीला टांगलेलं आहे, काळं बूड बाहेरच्या बाजूला. येणारा-जाणारा विचारतो आणि काका सांगतात. बावीस वर्षं.

आता डब्याकडे येतो. तीन वर्षांपूर्वी नामदेवकाकांची बायको, आमची कुसुमकाकू, गेली. दहाव्याच्या आधी फ्रेम करायला फोटो शोधायची वेळ आली तेव्हा कळलं, की तिचे सगळे फोटो नामदेवकाकांच्या फोनमध्ये होते आणि तो फोन त्याच महिन्यात हौदात पडला होता. भावकीत सगळ्यांना विचारलं. एक फोटो निघाला. कोणाच्या तरी पंगतीत ती वाढतेय, हातात पळी, तोंड अर्धं वळलेलं. तोही ह्याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून तिसऱ्याकडे जाऊन जाऊन असा पुसट झालेला की डोळे कुठले आणि टिकली कुठली कळेना.

वसमतच्या फोटो स्टुडिओत किसनकाका जे भडकले ते मी विसरणार नाही. स्टुडिओवाल्याचा काही दोष नव्हता, पण समोर तोच होता. "धुऊन धुऊन लुगड्याचा रंग जावा तसा माणसाचा रंग घालवला तुमी. पन्नास जणांच्या खिशात पन्नास फोन. रोज देवाचे, फुलांचे, पुढाऱ्यांचे फोटो ह्याच्याकडून त्याच्याकडं. आन घरच्या बाईचा एक फोटू धड न्हाई? पळी साफ दिसून राहिली आन तोंड न्हाई?"

नामदेवकाका कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. ते म्हणाले, "राहू दे दादा. पळी तिचीच हाय."

त्या दिवशी काकांच्या डोक्यात डबा शिरला.

त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं की असा एक डबा मिळतो, तो घरातल्या वायफायच्या यंत्राला जोडायचा, मग घरातल्या सगळ्यांनी आपापल्या फोनवरून, कॉम्प्युटरवरून त्यात फोटो ठेवायचे आणि त्यातलेच बघायचे. बाहेरगावच्यांनाही तो उघडता येतो. म्हणजे सगळ्यांचा माल एका जागी आणि चावी एकाच्या हातात. किसनकाकांसाठी ह्याहून सुंदर कल्पना जगात नव्हती. त्यांनी त्याला पहिल्या दिवसापासून नाव दिलं 'सामाईक'. सामाईक विहीर असते, सामाईक बांध असतो, तसं.

दोन महिने काका हिंदीत व्हिडिओ लावून, दर वाक्याला थांबवून, वहीत लिहून घेत होते. मग दोघे भाऊ नांदेडला गेले. डबा किसनकाकांनी घेतला. त्यात दोन डिस्का बसतात. एक किसनकाकांची, एक नामदेवकाकांची. इथपर्यंत ठीक. पण येताना दोघे वसमतला भांड्याच्या दुकानात उतरले आणि नवी वस्तू घेतल्यावर आमच्याकडे सगळे जे करतात तेच त्यांनी केलं. डिस्कांवर नावं घालून घेतली.

भांड्यावर नाव घालायचं ते यंत्र तुम्ही पाहिलं असेल. दातदुखी व्हावी असा आवाज करत त्याची सुई पत्र्यावर नाचते. 'कि' आणि 'स' होईतो किसनकाकांच्या डिस्कनं प्राण सोडला होता. हे घरी आल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन नांदेडला, बदलून मागायला.

दुकानदारानं डिस्क उलटीपालटी केली. "ये क्या है?"

"नाव हाय."

"किसने डाला?"

"किसननंच घातलं. माझी वस्तू, माझं नाव. काहून?"

"काका, ह्याच्यात वॉरंटी नाही मिळत."

"नाव घातलं म्हणून वस्तू मरती का?" काकांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "आमच्या पातेल्यावर चाळीस वर्षं झाली नाव घालून. त्यात अजून दोनशे माणसाचं वरण शिजतं. आन तुमचा माल दोन अक्षरं सोसत न्हाई?"

मी दुकानाबाहेर जाऊन उसाच्या रसाचं गुऱ्हाळ बघत उभा राहिलो. काकांनी शेवटी नवी डिस्क घेतली. नामदेवकाकांची नशिबानं वाचली होती, कारण तिची पाळी येईतो सुई तापली म्हणून दुकानदारानं काम थांबवलं होतं. मग दोन्हींवर कागदी चिठ्ठ्या चिकटवल्या: किसन. नामदेव.

डबा जोडायला मला बोलावलं. घराण्यात मी कॉम्प्युटरवाला समजला जातो, कारण शाळेत मी दाखले कॉम्प्युटरवर काढतो. मी बाह्या सरसावून वायर उचलली आणि पहिल्या दिसेल त्या भोकात घातली. घरातलं सगळं इंटरनेट बंद पडलं.

"ते बाहेरून येणाऱ्या वायरीचं भोक हाय," काका वही बघत म्हणाले. "तू शाळेत नेमकं काय करतो रे?"

"दाखले काढतो."

"तू काढतो का प्रिंटर काढतो?"

त्यानंतर मी फक्त स्टूल धरलं. पासष्ट वर्षांच्या माणसानं चष्मा कपाळावर, वही मांडीवर असा तो डबा चालू केला. काकूंचा फ्रीज ज्या प्लगवर होता तो प्लग डब्याला मिळाला, इन्व्हर्टरसकट. काकू म्हणाल्या, "माझ्या भाज्या सडू द्या. तुमचे फोटो ताजे राह्यले पायजेत."

डब्यातल्या दोन डिस्का जोडीनं कशा चालतात, हे काकांनी आम्हाला चहा पिताना समजावलं. "एका कढईत जे शिजलं तेच दुसरीत आपोआप शिजतं. थेंब न् थेंब तेच. एक कढई फुटली तरी पंगत उपाशी न्हाई उठत." मी मान हलवली. नामदेवकाकांचं लक्ष नव्हतं. ते आपल्या फोनवर 'कुसुम' नावाचा कप्पा उघडून बघत होते.

कारण डब्यात पहिला माल तो गेला होता. काकांनी महिनाभर भावकीतल्या एकेकाला फोन करून, धमक्या देऊन, कुसुमकाकूंचा प्रत्येक फोटो मागवला होता. कोणाच्या मुंजीत मागे उभी, कोणाच्या डोहाळजेवणात कडेला, हळद वेचताना, खळखळून हसताना. माझ्याकडे चार निघाले, मला माहीतही नव्हते. शंभराच्या वर फोटो झाले. नामदेवकाका भिंतीपलीकडे बाजेवर पडून रोज ते बघायचे.

मग आली परवान्यांची यादी. कोण फक्त बघू शकेल, कोण ठेवू शकेल, कोण खोडू शकेल. खोडायचा हक्क फक्त किसनकाकांना, आणि लग्नाकार्याचे फोटो बघायचे तरी आधी अर्ज. ठेवायचा हक्क भावकीत सगळ्यांना. एकाला सोडून.

"काका, मला काहून न्हाई?"

काकांनी खुंटीवरच्या पातेल्याकडे बघितलं.

मी भांडलो. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे, शासनमान्य शाळेचे शिक्के माझ्या ड्रॉवरमध्ये असतात, माझ्या मुलीच्या लग्नाचे फोटो उद्या मलाच सामाईकात ठेवता येणार नाहीत, हा कुठला न्याय. काकांनी शांतपणे सांगितलं, "तुझी बायको ठेवील. ती भांडं बराबर घासती."

ही अपमानाची जखम घेऊन मी दोन वर्षं जगत होतो. म्हणून पुढच्या भांडणात मी दोन्ही बाजूंवर सारखाच चिडलेला होतो, हे ध्यानात घ्या.

भांडण झालं नामदेवकाकांच्या 'शुभ सकाळ'वरून. कुसुमकाकू गेल्यापासून ते पहाटे पाचला उठतात. उठून काय करायचं, तर साऱ्या नात्यागोत्याला शुभ सकाळ पाठवायची. गुलाब, सूर्य, वाफाळता चहा, दोन बगळे. सगळ्यांनी त्यांचा आवाज बंद करून ठेवलेला. मीही. कधी उघडून बघत नाही, हे लिहिताना लाज वाटते. तर नामदेवकाकांना वाटलं, की चांगली वस्तू सामाईकात ठेवावी. ते रोजचा गुलाब डब्यातही ठेवू लागले. कुठेही. लग्नाच्या कप्प्यात गुलाब, जमिनीच्या कागदांत बगळे.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी काकांना जुने फोटो तपासताना हा प्रकार दिसला. आठशेच्या वर शुभ सकाळ. काकांनी ते सगळे एका दुपारी काढून टाकले आणि भिंतीवरून ओरडून सांगितलं, "नाम्या, सामाईकात कचरा टाकायचा न्हाई."

मी त्या रविवारी तिथंच होतो, परवान्यासाठी पुन्हा अर्ज घेऊन. नामदेवकाका आले ते हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. चिडलेला माणूस काठी घेऊन येतो; हे गृहस्थ मुळात इतके मवाळ, की स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा त्यांनी मला पंच मानून माझ्याच हातात दिला.

"सुधाकर, तू मधी हायस. माझी वाटणी काढून दे. माझ्या नावाची."

"नाम्या, शहाणपणा कर," किसनकाका म्हणाले.

"तुला कचरा वाटला ना दादा? मंग कचऱ्यावाल्याची डिस्क कशाला ठेवतो? माझं नाव हाय तिच्यावर. माझी कुसुम बी तिच्यातच हाय."

किसनकाका काहीतरी बोलणार होते. मग म्हणाले, "ने. बंद करून काढू का?"

"न्हाई. अशीच."

मी काढली नाही. नामदेवकाकांनीच ओढली, गळ्यातल्या टॉवेलात गुंडाळली आणि गेले. फोनमधून त्यांनी डब्याचं दारही, म्हणजे तो उघडायचं अ‍ॅप, पुसून टाकलं. मी माझं नेलं, मला तुमच्यात बघायचं न्हाई, असं म्हणाले.

आणि डबा ओरडायला लागला. जोडीतली एक डिस्क गेली की तो टीं, टीं करतो. दर दोन-तीन सेकंदाला. न थांबता.

बारा दिवसांनी काकूंचा फोन आला. "सुधाकर, त्या डब्याचं तोंड बंद करून जा. न्हाईतर मी त्याला विहिरीत सोडते. माझं डोस्कं फुटून राहिलं."

मी पुढच्या गुरुवारी रजा टाकून कुरुंद्याला पोचलो, तेव्हा डबा ओरडायला लागून अठरा दिवस झाले होते. अंगणात दोन्ही घरांची हळद शिजवून वाळत घातलेली, आणि त्या पिवळ्या अंगणावर तो आवाज. टीं. टीं. काका त्याच आवाजात बसून पेपर वाचत होते.

"काका, एक नवी डिस्क टाका, गप बसंल."

"ती जागा रिकामी न्हाई. नामदेवची हाय."

"मग निदान आवाज बंद करा. सेटिंगमध्ये असतंय."

"मला म्हाईत हाय कुठं असतंय. वाजू दे. भिंत पातळ हाय. त्याला बी ऐकू जाऊ दे, काय करून गेला ते." हे बोलताना त्यांचा आवाज इतका तापला होता, की मी पातेल्याखाली जाऊन बसलो.

दुपारी एकाएकी आभाळ भरून आलं. हळद भिजली तर काळी पडते. काका कॉम्प्युटर उघडा टाकून बाहेर धावले. भिंतीपलीकडून नामदेवकाकाही धावत आले. ताडपत्री एकच, मोठी, एकट्यानं ओढली जात नाही. दोघा भावांनी तिची दोन टोकं धरली आणि एकमेकांकडे न बघता अख्खं अंगण झाकलं. बघून मला इतका संताप आला, की मी ठरवलं, आपणच तो आवाज बंद करायचा. काकांच्या खुर्चीत बसलो आणि सेटिंग शोधू लागलो.

शोधताना एक कप्पा दिसला. 'डेडस्टॉक'. सरकारी स्टोअरमध्ये निकामी झालेला माल फेकून देत नाहीत, त्याची वेगळी नोंद ठेवतात. मी तो उघडला. हो, विनापरवाना.

आत त्या आठशे शुभ सकाळ होत्या. एकही पुसलेली नव्हती. प्रत्येक चित्राला तारखेचं नाव, आणि सोबत फोनवर रोज येणाऱ्या शुभ सकाळची काकांची नोंदवही, तीन वर्षांपासूनची.

'सूर्योदय, दोन बगळे. ५.१०. प्राप्त.'

'गुलाब, लाल. ५.०५. प्राप्त.'

'प्राप्त नाही. साडेसहाला भिंतीवरून हाक मारली. ताप आहे. गोळी दिली.'

'प्राप्त नाही. ताप. घरून पेज पाठवली.'

'गणपती. ५.४०. उशिरा, पण प्राप्त.'

म्हणजे अख्ख्या भावकीनं ज्यांचा आवाज बंद करून ठेवला होता, त्यांची रोजची हजेरी हा एक माणूस घेत होता. गुलाब आला म्हणजे भाऊ उठला. मी खाली खाली जात राहिलो. शेवटच्या नोंदी भांडणानंतरच्या होत्या.

'प्राप्त नाही. सव्वापाचला पलीकडे बादलीचा आवाज. उठला आहे. कारण:'

'प्राप्त नाही. पाच वाजून विसाला खोकला. उठला आहे. कारण:'

अशा अठरा. कारणाचा रकाना अठराही ठिकाणी कोरा.

मी आवाज बंद न करताच उठलो आणि मागच्या बाजूनं नामदेवकाकांकडे गेलो. ते ताडपत्री ओढून दमले होते, कुसुमकाकूंच्या फ्रेमखाली बसले होते. त्या पुसट फोटोपुढे टॉवेलात गुंडाळलेली डिस्क ठेवलेली.

"काका, ती नुसती डिस्क उघडत न्हाई."

"म्हाईत हाय. वसमतला मोबाईलच्या दुकानात घेऊन गेलतो. तो म्हणला, कॉम्प्युटर विचारून राहिला, सगळं पुसून कोरी करू का." त्यांनी टॉवेलाचं टोक डिस्कवर सारखं केलं. "तो बटण दाबणारच हुता. मी हात धरला त्याचा."

"काका, किसनकाकाकडं सगळं तसंच हाय. दोन्ही डिस्कात सारखंच असतंय. वाटणी झालीच न्हाई. तुमच्याकडं बी सगळं आलं, त्यायच्याकडं बी सगळं राह्यलं."

"आन दादाला हे म्हाईत हुतं?"

"त्यायनीच तर जोडलं."

"म्हणून ने म्हणला," नामदेवकाका हळूच म्हणाले.

मग मी डेडस्टॉकचं सांगितलं. गुलाब, बगळे, गोळी, पेज, बादली. ते ऐकत राहिले. भिंतीतून टीं, टीं येत होतं.

"कारण कोरं ठिवलं म्हणतो?"

"कोरं."

त्यांनी डिस्क टॉवेलातून काढून उलटीपालटी केली. मग विचारलं, "हिला घासायला काय लागतं रे?"

पावसाचे चार थेंब पडून आभाळ निघून गेलं. चार वाजता आम्ही चहा घेत होतो तेव्हा नामदेवकाका आले. मागच्या वाटेनं नाही. पुढच्या दारानं, चपला बाहेर काढून, भांडं परत करायला येतात तसे. टॉवेल उघडला. डिस्क इतकी पुसलेली, की चिठ्ठीवरचं नाव अर्धं उडालं होतं.

"आणली दादा. बूड बघून घे."

मला वाटलं आता ओरडा होणार. किसनकाकांनी डिस्क घेतली, दारात उजेडाला नेली, पालथी केली. पेरानं टकटक मात्र केली नाही. तशीच आत आणून रिकाम्या खाचेत बसवली. डबा एकदा टीं झाला आणि गप्प झाला. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. काकू चुलीपाशी होत्या, त्यांच्या हातातली उलथणी थांबली.

"भरायला उद्याची सकाळ व्हईल," काका म्हणाले. "हिच्यावरचं तिच्यावर उतरून राहिलं."

"व्हऊ दे. सकाळी उठतोच मी."

काकांनी वही काढली. भावकीच्या भांड्यांची वही, तीच ती. नेली कोणी: नामदेव. आणली कधी: आजची तारीख. मग पेन रकान्यावर टेकवून, वर न बघता, नेहमीच्या चढ्या आवाजात विचारलं, "नेली का हुती? कारण?"

नामदेवकाकांनी माझ्याकडे पाहिलं, खुंटीवरच्या पातेल्याकडे पाहिलं.

"सहज," ते म्हणाले.

मी चहाची बशी खाली ठेवली. आता शेरा पडणार होता, आणि तो कोणत्या शब्दांत पडतो हे मला तोंडपाठ होतं. वाकून बघितलं. काकांनी निळ्या शाईत, कारणाच्या रकान्यात, लिहायला सुरुवात केली: सहज.

मी हरकत घेणार होतो. लग्न माझं, फोटो माझे, कारणही हेच, आणि माझा अर्ज लाल शाईत परत येतो. ह्याचा जाब विचारायला मी पंचवीस वर्षांच्या नोकरीच्या बळावर घसासुद्धा खाकरला. पण ती तीन अक्षरं लिहायला काकांना फार वेळ लागत होता. लिहून झाल्यावरही त्यांनी वहीवरून मान वर केली नाही.

तेव्हा मी आपला पातेल्याचं काळं बूड बघत बसलो.